कमलचे पंधरा किलो

रिटायर झाल्यावर कळलं, ड्युटीचा शीण उतरतो, किस्से काही उतरत नाहीत! आम्ही तिघी जुन्या सिस्टर पालघरला भेटलो, की एकीने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी "अगं, ते राहिलंच!" म्हणत भर घालायची. चहा हमखास गार होतो. त्यातले निम्मे किस्से तरी एकट्या कमलचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कमल सातपाटीच्या कोळ्याची पोर, आठ वर्षांची. हातपाय काड्या, छातीत सदा कफ आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं, सिस्टिक फायब्रोसिस. आम्ही ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या आईला, हिरूबाईला, विचारलं होतं, "मुलीचा पापा घेतला की खारट लागतं का?" या आजारात घामातून फार मीठ जातं ना!

हिरूबाई म्हणाली, "सातपाटीत कोनाची पोर खारट नाय लागत?"

*

तोंडाने खाऊन भागेना, म्हणून इथे पालघरला आमच्या डॉक्टरांनी रायल्स ट्यूब घालायची ठरवली. नाकातून थेट पोटात. मी पुढे बसून म्हणतेय, "गीळ बाळा, गीळ, पाणी पी, गीळ!" पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण गिळत राहिली. नळी बसली, पट्टी चिकटवली. मग ती बापाकडे वळली.

"बाबा, गलाला लागल्यावर मासोलीला असंच होतं काय?"

तो मोठा दांडगा माणूस, दर्यावर कधी डगमगला नसेल. उठून व्हरांड्यात गेला तो तासभर आत आला नाही.

*

तेव्हा तयार पावडरींचे डबे आमच्याकडे कुठले! दूध, अंडं, केळं, साखर, चमचाभर तेल आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जादा मीठ, सगळं घोटून, मलमलीतून गाळून सिरिंजने सोडायचं. घोटायचं-गाळायचं काम हिरूबाईने आपल्याकडे घेतलं. पण दर वेळी ती आधी हातावर थेंब घेऊन चाखायची, मग आणखी साखर मागायची. डॉक्टर वैतागले.

"अहो बाई, नळीला जीभ नसते!"

"नलीला नसल, पोरीला हाय ना! ढेकर आल्यावर तिला कलते!"

त्या दिवसापासून डॉक्टरांनी चवीत तोंड घातलं नाही.

*

शेजारच्या खोलीत सालवडचे मिश्राजी होते. बोईसरच्या एका कारखान्यात फिटर, पाय प्लॅस्टरमध्ये. दिवसभर करमणूक नाही, म्हणून फीडच्या वेळी कुबडी टेकत कमलपाशी यायचे. मी सिरिंज वर धरली की ओरडायचे, "लाइन चालू!" संपलं की "लाइन बंद! पानी मारो!" मी नळीत पाणी सोडायची.

आठवड्याभरात अख्खा वॉर्ड तेच बोलायला लागला. एकदा डॉक्टर राउंडला आले आणि गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "सिस्टर, लाइन चालू आहे ना?" आणि स्वतःच लाजले!

*

श्रावण लागला तशी कमलची चुळबुळ वाढली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, मग बापाची होडी पाण्यात जाणार, आणि तिला होडीपाशी उभं राहायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "काटा पंधरावर गेला तर घरी. त्याखाली नाही. अंगात ताकद नसताना सर्दी झाली तर मला पोर हाती लागणार नाही." नळी लावायला हिरूबाई शिकली होती. अडला होता तो फक्त काटा.

आणि एका सकाळी काटा पार सोळाच्या पुढे! आम्ही टाळ्या वाजवल्या. कमल खाली उतरली आणि तिच्या फ्रॉकमधून काहीतरी टपकन पडून खाटेखाली घरंगळलं. डॉक्टरांनी वाकून उचललं. जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी! फ्रॉकच्या सगळ्या दुमडीत शिवलेल्या होत्या.

"हे वजन पोरीचं की जाळ्याचं?"

हिरूबाई जागची हलली नाही. "दोनी आमचंच हाय, डॉक्टर!"

*

कमल त्यानंतर बरीच वर्षं जगली, पण त्या आजारात तेव्हा माणसं जगायची तेवढीच. हे सांगून झालं की आमच्यातली एक गार चहा पुन्हा गरम करायला उठते. मग कोणीतरी म्हणतं, "तो वजनाचा दिवस सांग गं," आणि मी सांगते.

पौर्णिमेचा आदला दिवस. डॉक्टरांनी हिरूबाईला लांब उभं केलं, कमलला नुसत्या परकरावर काट्यावर चढवलं. काटा पंधराच्या अलीकडे येऊन थांबला. पोरीने श्वास भरून घेतला, तरी हलेना. डॉक्टरांनी चष्मा पुसला, जवळ आले, वाचायला वाकले. काटा हळूच पुढे सरकला.

"पंधरा!" डॉक्टर म्हणाले. "जा घरी."

त्यांच्या उजव्या चपलेचं टोक काट्याच्या पाटावर होतं. मी पंख्याकडे बघायला लागले. हिरूबाई खिडकीबाहेर. खाली बघत होती ती एकटी कमल.

"डॉक्टर, ह्यात थोरंसं वजन तुमचं हाय. मंग तुमाला पन माज्यासंगं घरी यायला लागल!"

दिवाळीच्या पाडव्यालाही उघडी असणारी आमची ओपीडी त्या नारळी पौर्णिमेला बंद होती.