मापाच्या बाईंची साक्ष

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली 'मापाच्या बाई' म्हणते. कपडे शिवायचं आणि दुरुस्तीचं आमचं दुकान आहे. दोन मशीन, एक इस्त्री, एक लांब टेबल आणि भिंतभर हँगर. कापणं, शिवणं त्यांचं. काजं-बटणं, टाके-दोरे माझे. बोलणंही माझंच, कारण त्या बोलतात कमी आणि माझं तोंड गप्प बसत नाही. माप मात्र त्यांनीच घ्यायचं. इतक्या वर्षांत मला टेप गळ्यात अडकवायची मुभा मिळालेली नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवायची आमच्याकडे पद्धतच नाही, ती सगळी त्यांच्या डोक्यात असतात.

आणि एक खोड. 'जमणार नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नाहीत. कोणी दुकान बंद करताना येऊन म्हणावं की उद्या सकाळी कोट हवा, की यांचं उत्तर तयार, "होईल." मी मागून डोळे वटारते. "अहो जाऊबाई, हात किती आहेत आपल्याला?" तर म्हणणार, "होईल गं." थोरले भाऊजी गेले तेव्हा चिऊ, म्हणजे त्यांची लेक, शाळेत होती. लोक भेटायला यायचे आणि विचारायचे, आता कसं जमणार? तेव्हाही हेच. होईल. आणि त्यांनी ते करून दाखवलं, हे मी कोणापुढेही कबूल करीन.

चिऊ शिकली आणि तिला एका चकचकीत ऑफिसात नोकरी लागली. त्या दिवशी दुकानात ही गर्दी. जाऊबाई कधी नव्हे त्या फुलून आल्या आणि सगळ्यांसमोर बोलून बसल्या, "पहिल्या दिवशी तिच्या हातात तो फोन असेल." तो म्हणजे तोच, सगळ्यांना हवा असतो तो, मोठ्या कंपनीचा. चिऊने तिथेच उडी मारली. मी म्हटलं, झालं, बाई गेल्या कामातून. त्याच आठवड्यात मोठ्या मशीनची मोटर जळली. फोनसाठी ठेवलेले पैसे मोटरीत गेले.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही. जाऊबाई कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेल्या. तिथल्या दुकानदाराला सगळे 'चार्जरवाले' म्हणतात. शांत माणूस, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याला या म्हणाल्या, "त्याच्यासारखा दिसणारा, पण दुसऱ्या कंपनीचा द्या. डबा नको. मागचा नावाचा कागद सोलून टाका. वर जाड कव्हर घाला." त्याने निमूट सगळं केलं. चिऊला शुभेच्छा सांगा म्हणाला. म्हणजे फसवणूक झाली ती त्या दुकानात नाही, आमच्या घरात झाली.

चिऊ खूश. फोन उशाला घेऊन झोपायची. आणि एक दिवस ऑफिसात कुणीतरी कौतुकाने कव्हर काढलं. तिथे म्हणे सगळ्यांना असल्या गोष्टी पाठ असतात. "अगं, हा तो नाहीच, ही त्याची नक्कल!" म्हणून मैत्रिणी हसल्या. पोर तोंड लपवत घरी आली. मी कॉलरला इस्त्री फिरवत होते, जाऊबाई मशीनवर होत्या. चिऊने फोन टेबलावर ठेवला. "आई, हा तो नाहीये गं."

तेव्हा खरं सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पोर रडली असती, रुसली असती, दोन दिवसांत विसरली असती. पण त्या बाईला 'नाही जमलं' म्हणता येत नाही ना! मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "म्हणजे मला फसवलं त्याने?"

बास. आमचे हे तिथेच बसले होते. हे म्हणजे कोरडं गवत, काडी दिसायचा अवकाश. "वहिनी, चला!" म्हणून उठले. मागे जाऊबाई, चिऊ, मी आणि फुकटचा तमाशा बघायला निम्मी गल्ली. यांनी चार्जरवाल्याला काय नाही ते सुनावलं. चोर म्हणाले, नकली मालाचा व्यापारी म्हणाले. मीही दोन शब्द घातले, खोटं कशाला बोलू. तो काउंटरमागे उभा होता. त्याने जाऊबाईंकडे पाहिलं. मग त्यांच्या शेजारी उभ्या चिऊकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "माझी चूक झाली असेल. पैसे परत घेऊन जा."

जाऊबाई म्हणाल्या, "नको. राहू द्या." लोकांनी तोंडात बोटं घातली. काय मोठं मन बाईंचं! मीसुद्धा चार ठिकाणी हेच सांगत सुटले.

तिथून त्याच्या दुकानाला उतरती कळा लागली. लोकांचं काय, ऐकलं की पुढे ढकलायचं. आणि जाऊबाई त्या कोपऱ्यावरून जायच्या बंद झाल्या. भाजी आणायला पलीकडून वळसा घालून जायच्या. एकदा त्यांनी पँटचा एक पाय आखूड शिवला. मी म्हटलं, जाऊबाई, वय झालं की काय? त्या हसल्या नाहीत. बसून सगळं उसवलं.

आमच्या यांनी मात्र गप्प न बसता त्या मोठ्या कंपनीला भलीमोठी तक्रार पाठवली होती. तिचं काही होईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तर एके दुपारी दुकानात त्या कंपनीच्या एक वकीलबाई हजर! काळा कोट, हातात जाड बॅग. माझ्या मनात पहिलं हेच आलं, कोट खांद्यात सैल आहे. त्यांना बसायला स्टूल दिलं, वरच्या पँटी उचलून.

वकीलबाईंनी समजावलं ते असं. फोनचा आकार, त्याचे गोल कोपरे, खालचं बटण, याचं मोठ्या कंपनीकडे पेटंट होतं. म्हणजे ते दुसऱ्या कोणी करायचं नाही. दुसऱ्या कंपनीने केलं, म्हणून खटला. आता कोर्टात प्रश्न एकच, साधं गिऱ्हाईक दोन्हींत फसतं की नाही?

"गोल कोपऱ्याचं पेटंट?" मी म्हटलं. "मग आम्ही इतकी वर्षं गोल गळे कापतोय, आमचं काय?"

त्या हसल्या आणि जाऊबाईंकडे वळल्या. "तुमच्यासारखी साधी, प्रामाणिक बाई आम्हाला हवी आहे. तुम्ही फक्त घडलं ते सांगायचं. याल ना साक्षीला?"

'प्रामाणिक' म्हटल्यावर जाऊबाईंच्या हातातली सुई थांबली. मला वाटलं, कोर्टाला घाबरल्या. चिऊ दारात उभी होती. डोळे चमकत होते तिचे. "आई, जा ना! सांग सगळ्यांना कसं फसवलं ते." आणि जाऊबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "होईल."

आम्हाला न्यायला कंपनीची गाडी आली. बायकांनी खिडकीतून हात केले. जाऊबाई वाटभर हातातला रुमाल पिळत होत्या.

कोर्टाची खोली मला वाटली होती त्याहून लहान होती. उंच टेबलामागे न्यायाधीश, खाली फायलींचे ढीग, दोन्ही बाजूंना वकिलांच्या रांगा. फोन विकणाऱ्यांकडे एवढे वकील असतात हे मला माहीत नव्हतं. चिऊ आणि मी बाकावर बसलो. जाऊबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, खरं सांगेन म्हणून शपथ घेतली, आणि वकीलबाईंनी त्यांच्यासमोर दोन फोन पालथे ठेवले. एक मोठ्या कंपनीचा. दुसरा आमचा, म्हणजे चिऊचा, पुरावा म्हणून आधीच जमा केलेला. दोन्हींवर नावाच्या जागी पट्टी लावली होती.

"दुकानात तुम्हाला फरक कळला होता?"

"नाही."

"आज इथे कळतो?"

जाऊबाईंनी खाली पाहिलं. "नाही," म्हणाल्या, इतक्या हळू की न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाल्या, नाही. चिऊने माझा हात दाबला.

दुसऱ्या बाजूचा वकील चांगला गोलमटोल, घरगुती वाटणारा. त्याने दुकानात उजेड होता का, चष्मा लागतो का, असलं काहीबाही विचारलं आणि बसला. झालं, सुटलो, मी मनात म्हटलं. कोर्टाचा कारकून फोन आपापल्या पाकिटात घालायला पुढे आला. म्हातारा माणूस. दोन्ही हातांत दोन फोन, पाकिटं दोन, आणि हा तिथेच घुटमळला. एकदा हा उलटा, एकदा तो. शेवटी आमच्या पाकिटात त्याने भलताच फोन घालायला घेतला.

आता तुम्हाला सांगते, आमच्या दुकानात एकाचा कपडा दुसऱ्याला गेला असं कधी झालेलं नाही. मी घाईत चुकीची पिशवी उचलली की मशीनवरून मान न काढता जाऊबाईंचा हात पुढे येतो. तसाच तो तिथे आला. कठड्यावरून वाकून त्यांनी कारकुनाच्या डाव्या हातातला फोन धरला.

"तो नव्हे. हा आमचा."

जाऊबाईंना आपण काय केलं ते कळलं तेव्हा फोन त्यांच्या हातातच होता. गोलमटोल वकील सावकाश उठला. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "कसं ओळखलंत, बाई?"

अंदाजाने म्हणता आलं असतं. मी बाकावरून मनातल्या मनात ओरडत होते, अंदाजाने म्हणा, अंदाजाने! त्यांनी चिऊकडे पाहिलं. चिऊच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

"कडेचा सांधा," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांचा आत दुमडलेला आहे. आमचा बोटाला लागतो."

"दुकानात लागला होता?"

"लागला होता. पण त्याची गरजच नव्हती. मी मागूनच घेतला. नाव सोलायला मीच सांगितलं. मला कोणी फसवलं नाही. तो दुकानदार... त्याने काही केलं नाही हो साहेब, काहीच नाही केलं."

पुढे काय बोलणं झालं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. लाजेने माझे कान तापले होते. चार्जरवाल्याला मी चोर ठरवलं होतं, आणि जाऊबाईंच्या मोठ्या मनाचे गोडवे गल्लीभर गायले होते. न्यायाधीशांनी त्यांना चार कडक शब्द सुनावले आणि जा म्हणाले. खोटी साक्ष तिथल्या तिथे मागे घेतली म्हणून सोडलं असावं. वकीलबाईंनी आमच्याकडे पाहिलंही नाही. परतीला गाडी अर्थातच मिळाली नाही.

त्या कंपन्यांचं म्हणाल तर पुढे कित्येक दिवस त्या भांडत होत्या आणि मग म्हणे आपसात मिटवून मोकळ्या झाल्या. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्या बाबतीत तिसऱ्याची अब्रू गेली, आणि ती कोणी घालवली हे मी सांगायला नको.

बसमध्ये चिऊ खिडकीशी बसली. मग म्हणाली, "ऑफिसात हसले ना, तेव्हा मला त्या फोनची लाज वाटली होती. तुझी नव्हती वाटली, आई." मला त्या पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि मग तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

बसमधून उतरल्यावर जाऊबाई वळसा न घेता सरळ कोपऱ्यावर गेल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबा, असं मी कानात सांगितलं. त्या थांबल्या नाहीत. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "यांनी मला फसवलं नव्हतं. मी खोटं बोलले. यांचं नाव मी घालवलं." एवढं लांब वाक्य त्या गिऱ्हाइकांसमोर कधी बोलल्या नसतील. हात जोडले होते आणि मान वर येत नव्हती.

चार्जरवाला गडबडला. "अहो बाई, बसा आधी, पाणी घ्या," करत राहिला. मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "भल्या माणसा, तुम्हाला तर सगळं माहीत होतं! मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्याने चिऊकडे पाहिलं आणि वायर गुंडाळत म्हणाला, "लेक शेजारी उभी होती ना हो."

चिऊ तिथेच रडायला लागली. घरी येईपर्यंत तिने आईचा हात धरला नाही, पण पाणी ठेवलं, दोघींसाठी ताटं घेतली. फोन पुढे कोर्टातून परत मिळाला, तो मात्र तिने बदलला नाही. अजून तोच वापरते, कव्हर न घालता.

काही दिवसांनी चार्जरवाला आमच्या दुकानात आला. आता ओसरलेली गिऱ्हाइकं थोडी परतली होती, असं तोच म्हणाला. हातात त्याचा तो जुना कोट. आम्हीच शिवलेला. सैल होतोय, जरा आत घ्या म्हणाला, आणि सवयीने हात पसरून जाऊबाईंसमोर उभा राहिला. जाऊबाई उठल्या. गळ्यातली टेप काढली, त्याच्याजवळ दोन पावलं गेल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग टेप माझ्या हातात दिली.

"तू घे," म्हणाल्या. "मला नाही जमणार."

मी छातीला टेप लावली, आकडा मोठ्याने सांगितला आणि जाऊबाईंना विचारलं, आधीचं किती होतं? त्यांनी सांगितलं. माणूस चार बोटं उतरला होता.