ग्रिलमधली अळी

बोरिवलीला आमच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये ऊन येतं ते जेमतेम सकाळचे चहा-पोहे आटपेपर्यंत. मग समोरचा टॉवर आडवा येतो. तेवढ्या उन्हावर मी कुंडीतला कढीपत्ता कसाबसा वाढवला होता, आणि नेमकी त्यावरच एका काळ्या फुलपाखराने अंडी घातली. एकच अळी जगली, पण काय तिची भूक, बाई! बघता बघता बोटाएवढी जाड झाली आणि माझ्या कढीपत्त्याची पार वाट लागली. मी तिला उचलून खाली फेकणारच होते, पण लेक मध्ये आली.

सहावीतल्या लेकीला शाळेच्या प्रदर्शनात अन्नसाखळी दाखवायची होती. बाकीची मुलं थर्माकोलचे वाघ-हरिण नेणार. हिला जिवंत साखळीच न्यायची. कढीपत्ता उन्हावर वाढतो, अळी कढीपत्ता खाते, पुढचा बुलबुल तेवढा पुठ्ठ्याचा. शिवाय प्रदर्शन झालं की अळीला घरी आणून पंख फुटताना बघायचं होतं. अळी जेवढं खाते त्यातलं थोडंच तिच्या अंगी लागतं, बाकीचं हलण्या-चालण्यात आणि ऊब होऊन जातं, असं तिने मला ऐकवलं. म्हटलं, कळलं गं, तुझ्या डब्याचंही तेच होतं. खरं सांगते, मलाही त्या खादाडीचा लळा लागला होता. जरा बोट लावलं की डोक्यातून लाल शिंगं काढायची, अगदी आमच्या लेकीचा तोरा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लेक क्लासहून उशिरा आली. पहाटे ग्रिलवर खराखुरा बुलबुल यायला लागला होता, म्हणून अळीला फांदीसकट डब्यात ठेवायचं ठरलं होतं. ती कात्री घेऊन निघाली आणि सासूबाईंनी अडवलं. देवापाशी दिवा लागला होता. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपतं, हा त्यांचा मालवणचा नियम बोरिवलीतही चालतो. लेकीने पाय आपटले, मी रदबदली केली; सासूबाई ढिम्म. उजाडल्यावर काप म्हणाल्या.

उजाडलं तेव्हा फांदी रिकामी होती. लेक ओट्याला टेकून हमसून हमसून रडायला लागली. माझं डोकंच फिरलं. झालं ना समाधान, असं मी सासूबाईंना तोंडावर म्हटलं. त्या चहा तसाच ठेवून ग्रिलपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळाने लेकीला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या. मीही मागे गेले.

शेजारच्या बंद फ्लॅटच्या ग्रिलमध्ये मनीप्लांट माजलाय. त्यात वाटीएवढं घरटं होतं, आणि त्यात पिसंही न फुटलेली दोन पिल्लं, चोची वासून. काठावर बसलेला बुलबुल आमची अळी ठेचून ठेचून त्यांना भरवत होता.

"तुझी अळी खंय जावक नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "ती बघ थंय. आता तिका पंख फुटतले."

लेकीने नाक पुसलं. घास गिळून होईपर्यंत ती बघत राहिली.

"मग आजी, आपलं ऊनपण तिकडे गेलं?"

"वायच," सासूबाई बोटांची चिमटी दाखवत म्हणाल्या.

लेकीने दप्तर पाठीला लावलं, ती बोडकी कुंडी उचलून पोटाशी धरली आणि शाळेत निघाली. पुठ्ठ्याचा बुलबुल मात्र तिने घरीच ठेवला.