सगळ्या अर्जांवर ‘झाड 4’

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — घरी बायकोलाही नाही.

बीटी कपाशीवर बोंडअळी आली, त्या हंगामात मी मोताळ्यात एका खाजगी कॉम्प्युटर सेंटरात प्रोग्रामर होतो. शेतकऱ्यांचे नुकसानीचे अर्ज आमच्याकडे भरले जायचे. त्याचं पान मी पीएचपीत लिहिलेलं. गाव, गट नंबर, शेरा — तिन्ही मी सरळ क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला हुकूम देणाऱ्या ओळीत चिकटवून दिले होते. ओळीत नुसती प्रश्नचिन्हं ठेवायची आणि माहिती वेगळी पाठवायची, म्हणजे टाइप केलेलं काही हुकूम म्हणून वाचलं जात नाही, हे मला येत नव्हतं का? येत होतं. कंटाळा केला.

टायपिंगला नसीमताई होत्या. पाहणी करणारे शेतातून फोनवर शेरा सांगायचे, त्या तसाच टाइप करायच्या. कागद नव्हताच. एका दुपारी त्यांनी एका शेतकऱ्याच्या झाडाची उंची लिहिली — झाड 4, पुढे फुटाची खूण, मग दोन आडव्या रेघा आणि ‘बोंडं किडली’. फुटाची खूण म्हणजे एकेरी अवतरणचिन्हच; क्वेरीच्या लेखी शेरा तिथे संपला. रेघांपुढचं तर डेटाबेस वाचतच नाही — आणि कोणाचा शेरा बदलायचा, ते गाव आणि तो गट नंबर त्या रेघांच्या पुढेच होते. मग काय, तालुक्यातल्या प्रत्येक अर्जावर एकच शेरा उरला: झाड 4. जुनी प्रत? ती ठेवणं माझंच काम होतं. ठेवली नव्हती.

“म्या तं एकाचंच लिवलं, भाऊ,” नसीमताई म्हणाल्या. “मंग सगळ्याईचं काऊन पुसल्या गेलं?”

मला तोवर ओळ बघून माझीच चूक कळली होती. मालक शेजारी उभे होते. मी म्हणालो, “ताई, तुमच्याकडूनच काहीतरी दाबल्या गेलं.”

दुसऱ्या दिवसापासून नसीमताईंचं काम बंद झालं. पाहणी पुन्हा लागली, पण तोवर कित्येकांनी कपाशीची पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला होता. दाखवायला शेतात काही राहिलं नव्हतं. ते अर्ज बाद झाले.

त्याच आठवड्यात मी क्वेरी नीट केली — गुपचूप.

पुढे दोनेक वर्षांनी नसीमताई नांदुऱ्यात एका कापडाच्या दुकानात शिलाई करताना दिसल्या. त्यांनीच हाक मारली, चहा मागवला, घरचं विचारलं. मग आपणहून म्हणाल्या, “त्या दिवशी माह्यंच बोट चुकलं असंल, भाऊ.”

मी ‘हाव, असंल’ म्हणालो. आणि चहा प्यालो.