जामीन झाला

ठकुबाई, तुमच्याबद्दल लिहायचं ठरवलंय, आणि तुम्ही काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे. "माज्यात काय ठेवलंय लिव्हण्यासारखं?" बरंच ठेवलंय. देशातले तुरुंग का भरत चाललेत यावर शहाणी माणसं सभा घेतात. गुन्हे वाढले, कायदे वाढले, न्यायाधीश कमी पडतात, असं सांगतात. खोटं नाही ते. पण आत बसलेल्या दर चार माणसांतल्या जवळजवळ तिघांवर अजून गुन्हा शाबितच झालेला नाही, या वाक्याशी आलं की सगळ्यांना चहाची आठवण होते. त्यांना तुमच्या पडवीत आणून बसवावं असं मला फार वाटतं. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे कुमारकडून वाचून घ्या. स्वतःबद्दलचं तो गाळेल. गाळू द्या.

ठकुबाई भोंगवलीच्या. म्हणजे सासर भोंगवलीचं. माहेर वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीवर, जिथं एसटी अजूनही वस्तीच्या अलीकडूनच माघारी वळते. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. मूलबाळ नाही. गोठ्यात एक म्हैस आणि भिंतीपलीकडे दिराचा मुलगा कुमार, एवढाच शेजार. माहेरचं म्हणून एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ चिमाजी. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याला कडेवर घेऊनच ठकुबाईंनी पाणी भरलं, गुरं राखली. पुढे बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठाही हसत दिला. भावाची जमीन भावाला राहू दे.

त्या जमिनीत नाचणीपेक्षा दगडच जास्त निघाले. चिमाजी डोंगर उतरून कापूरहोळला आला आणि एका ढाब्यावर भट्टीपाशी उभा राहिला. बावीस वर्षं रोट्या लावल्या. उजव्या हाताचे केस कायमचे जळून गेले. लग्न जमलं नाही, आणि जमवायला तरी कोण होतं? दर अमावास्येला ढाबा बंद असे. त्या दिवशी तो बहिणीकडे यायचा, जेवायचा, बहिणीपेक्षा म्हशीशी जास्त बोलायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत जायचा.

मागच्या माघात ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं दोन दिवसांसाठी म्हणून त्याच्या खोलीत एक पोतं ठेवलं. आत शेतीपंपांची कापलेली केबल होती, तांब्याची. टेम्पोवाला पळाला. पोतं सापडलं आणि पोत्याबरोबर चिमाजी.

ठकुबाई कुमारला घेऊन एकदाच कोर्टात गेल्या. चिमाजीला दोन पोलिसांच्या मधून आणलं, हाताला दोरी. नेमकी गावातली दोन माणसं आपल्या वाटणीच्या तारखेला तिथंच उभी होती. चिमाजी समोर आला आणि म्हणाला, "आक्का." ठकुबाईंनी पदर पुढे ओढला आणि खाली फरशीकडे बघितलं. तो पुढे गेला. झालं ते एवढंच. पण एवढ्यानं काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

दोन महिन्यांनी कुमारच्या मोबाईलवर सरकारी मदतीतल्या वकिलाचा फोन आला. कुमारनं येऊन सांगितलं, "काकी, मामाचा जामीन झाला."

आपल्या बोलीत हा शब्द फार घात करतो. लग्न झालं, पेरणी झाली, जामीन झाला. झालं म्हणजे उरकलं. कोर्टात मात्र जामीन झाला म्हणजे दार कुठं आहे तेवढं दाखवलं. ते उघडायला नावावर सातबारा असलेला एक माणूस यावा लागतो, आणि त्यानं याची हमी मी घेतो म्हणून सही करावी लागते. असा माणूस नसेल तर हुकूम फायलीत राहतो आणि कैदी बराकीत. वकिलानं फोनवर हेही सांगितलं होतं. जामीनदार बघा, असं तो म्हणाला होता. ते अर्धं वाक्य कुमारनं गिळलं.

ठकुबाईंनी आळीत साखर वाटली. पडवी सारवली. कुळथाचं माडगं केलं, कारण ते चिमाजीला ढाब्यावर कोण देणार होतं? पहिल्या दिवशी तो आला नाही, तेव्हा गाडी चुकली असेल म्हणाल्या. आठवड्यानं कुमारला ढाब्यावर चौकशीला पाठवलं. तिथंही तो आला नव्हता. मग त्यांच्या मनात जे बसलं ते हललंच नाही. भाऊ सुटला, आणि आपण फरशीकडे बघितलं म्हणून दारात आला नाही.

त्यांनी स्वतः शोधायला जायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणाले. पण रुसलेल्या भावाच्या मागं बहीण कुठं जाते? भावानं यायचं असतं. वेळ गेली तरी दर अमावास्येला त्या दोन भांडी जास्त घासून ठेवत. कुणी विचारलं तर म्हणत, "हाय कुठंतरी, खातोय कमावतोय." भाऊबीजेला शेजारणी म्हणाल्या, भाऊ नसला तर चंद्राला ओवाळायचं असतं, ओवाळा. ठकुबाई भडकल्या. चंद्राला भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात, मला भाऊ हाय. ताट तसंच घेऊन आत गेल्या आणि कुणी बघत नाही असं पाहून दिवा विझवला.

पौषात भोरहून नूतनबाई आल्या. भोरला शिकवून निवृत्त झालेल्या, तोंडानं फटकळ. महिन्यातून एकदा पुण्याच्या तुरुंगात दोन वकील मुलींबरोबर जात आणि ज्यांना जामीन मिळूनही बाहेर पडता येत नाही त्यांची यादी करत. यादीत चिमाजी होता. बाहेर कोण आहे असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "कोन न्हाई." बाईंनी परत येऊन कागद चाळले, तेव्हा अटकेच्या पंचनाम्यात बहीण, मुक्काम भोंगवली, असं सापडलं. त्या पहिल्या गाडीनं निघाल्या आणि पडवीत बसल्या बसल्याच म्हणाल्या, तुमचा भाऊ दहा महिने आत आहे आणि तुम्ही इथं म्हैस राखताय.

ठकुबाईंना आधी राग आला. "आत कसा असंल? जामीन झाला की त्याचा."

"झाला. पण जामीनदार कुणी आला नाही. सुटला कुठाय तो?"

ठकुबाईंनी एकच विचारलं, "म्हंजे तो रुसला न्हाई?"

कुमारला हाक मारून आणलं. तो भिंतीशी उभा राहिला. वाईट माणूस नाही तो. ट्रॅक्टरसाठी त्याचं कर्जाचं प्रकरण बँकेत चाललं होतं आणि घरात साफ सातबारा त्याच्या एकट्याचाच होता. "ज्यानं जामीन घेतला त्याच्या जमिनीवर बोजा चढतो म्हनत्यात, काकी. म्या काय करनार हुतो?" जामीन आणि जमीन, एका कान्याचा फरक, आणि त्या कान्याला सगळा तालुका भितो. आरोपी पळाला तरच भरपाई मागतात, असं बाईंनी त्याला तीनदा समजावलं. तीनदा त्यानं मान हलवली आणि चौथ्यांदा म्हणाला, ट्रॅक्टर येऊ द्या, मग बघू.

ठकुबाई उठून आपली पिशवी घेऊन आल्या. "माजी जमीन घ्या. बोजा चढवा, न्हाई तर बुडवा." कागद बघितले तर जमीन अजून नवऱ्याच्याच नावावर. चौदा वर्षांत वारस नोंद कुणी केली नव्हती. ती करायला महिने गेले असते. माहेरच्या जमिनीवरचा हक्क तर त्यांनीच सोडलेला. ज्याच्या नावावर ती होती तो आत. असलं गणित बघून नूतनबाईंचं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, जामीनदार खड्ड्यात गेला, त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडा म्हणून अर्ज टाकू. तीन-चार आठवडे लागतील.

निघताना ठकुबाई गाडीपर्यंत आल्या. त्यांनी पैशाची, अर्जाची काही चौकशी केली नाही. बाईंचा दंड धरला आणि म्हणाल्या, "त्येला आदी निरोप द्या. म्हनावं, आक्काला ठावं न्हवतं. तू सुटलास आसंच ती धरून बसली हुती. घरी ये म्हनावं. एवडंच सांगा, बाई, दुसरं काई नको."

बाईंनी हो म्हटलं. पण निरोपासाठी म्हणून पुण्याची एक वेगळी खेप कशाला? अर्ज तयार होऊ दे, त्याची सही घ्यायला जाऊ तेव्हा तोंडानंच सांगू, एका खेपेत दोन कामं. सबंध आयुष्य त्यांनी असंच उरकलं होतं. अर्ज टाईप व्हायला सतरा दिवस लागले.

त्या गेल्या तेव्हा बराकीत चिमाजी नव्हता. पाच दिवसांपूर्वी तारखेला त्याला तुरुंगातूनच व्हिडिओच्या पडद्यावरून कोर्टापुढे बसवलं, आणि त्यानं आपणहून सांगून टाकलं, गुन्हा कबूल. शेजारच्या कैद्यानं शिकवलं होतं. वाट बघणारं कुणी नसेल तर कबूल करावं, भोगली तेवढीच शिक्षा धरतात आणि सोडतात. तसंच झालं. जे पोतं त्यानं चोरलं नव्हतं त्याचा तो आता कागदोपत्री चोर होता. पुन्हा तारीख नाही, हजेरी नाही, कुठं यायचं बंधन नाही. फाटकावरच्या शिपायाला एवढंच आठवत होतं की माणूस बाहेर आला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि चालू लागला.

ढाब्यावर तो गेला नाही. वेल्ह्याच्या वाडीवर गेला नाही. भोंगवलीला तर नाहीच.

नूतनबाई भोंगवलीला गेल्या आणि तो सुटल्याचं सांगितलं. ठकुबाईंनी ते दोनदा ऐकून घेतलं, मग विचारलं, "आन् माजा निरोप?"

नूतनबाईंनी तो दिला नव्हता.