आरामा?

वखारीचा भोंगा बिघडला तर कोंडाबाईला ओरडायला लावा, असं निपाणीत म्हणायचे. तंबाखू निवडून झाली आणि मुकादमानं वजनात काटा मारला, की ती मान वाकडी करून त्याचाच नाकातला आवाज काढायची, "काय करू बाई, काटाच तसा हाय!" बायका हसून लोळायच्या, आणि मुकादम मुकाट्यानं पुन्हा वजन करायचा. ह्या तोंडाच्या जोरावर तिनं लेकीला, उपासनाला, शिकवून बँकेत बसवली. आता ती लेकीकडं अनगोळात राहायला आली होती, पण कॅन्सर हाडांत घेऊन.

घरी ती बोंबलायची. कूस बदलताना चादर दातांत धरायची. "कंबरंत खिळं कोण ठोकतंय गं? त्यो मुकादम मेला तरी सोडीना व्हय मला?"

आणि दवाखान्यात?

"आराम अदीरी, अज्जी?" मोठ्या डॉक्टरनं मोबाईलवरची नजर न काढता कानडीत विचारलं, बरं आहे ना म्हणून.

कोंडाबाईनं पदर सावरला, तोंडावर हसू आणलं. "आराम, साहेब, आराम!"

"बघा मॅडम, पेशंट आराम म्हणतायत. तुम्हीच टेन्शन घेताय."

उपासनानं मॉर्फिनचं विचारलं. डॉक्टरच्या भुवया वर गेल्या. "स्ट्राँग औषध आहे ते. सवय लागेल." आणि तापाला देतात त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

सवय! उपासनाच्या डोक्यात जाळ उठला. मरायला टेकलेल्या बाईला कसली सवय लागणार? बरी होऊन चौकात झिंगत पडेल, ही काळजी आहे ह्याला?

रिक्षात बसल्याबसल्या ती आईवर घसरली. "आये, आराम का म्हणालीस गं?"

"मग काय म्हणायचं? वाटंत कुणी आरामा म्हटलं की आराम म्हणत्यात. घरात मढं असू दे, तरी म्हणत्यात. एवढं गोड बोलतोय बिचारा!"

"तो रामराम घालत नव्हता! तुझं दुखणं विचारत होता!"

"व्हय?" कोंडाबाईला खरंच नवल वाटलं. "दुखणं असं इचारत्यात? मोबाईलात बघून?"

तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली आणि कोंडाबाई अशी किंचाळली की रिक्षावाल्यानं गचकन ब्रेक मारला. उपासनानं आईला कवेत धरलं. आई खरं बोलत होती. त्या माणसानं दुखणं विचारलंच नव्हतं. वाटेत भेटल्यासारखा नमस्कार केला होता, आणि त्यालाच तपासणी म्हणत होता.

"अण्णा, रिक्षा फिरवा. दवाखान्यात."

रांग ओलांडून ती आईला धरून आत शिरली. डॉक्टर चहा पीत होता. "काय झालं? अज्जी, आराम—"

"तो शब्द काढू नका!" उपासना कडाडली. "कुठं दुखतंय, किती दुखतंय, ते विचारा. समोर बसून विचारा."

"मॅडम, हळू. बाहेर पेशंट आहेत."

"ऐकू दे त्यांनाही!"

दारात माणसं जमली. डॉक्टरनं कप ठेवला, स्टूल पुढं ओढलं. "अज्जी, कुठं दुखतंय?"

कोंडाबाईनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. मग तिची मान हळूच वाकडी झाली आणि तोंडातून हुबेहूब डॉक्टरचा आवाज आला, "आराम अदीरी, अज्जी? टेन्शन घेऊ नका!"

दारातली माणसं फिसकन हसली. ती मात्र हसली नाही. तिनं डॉक्टरचं मनगट पकडलं आणि हात आपल्या कंबरेवर ठेवला. "हितं. दाब."

त्यानं जरासंच दाबलं. वखारीतला तो जुना आवाज दवाखानाभर फुटला. डॉक्टरनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"आता लिव्ह," कोंडाबाई धापा टाकत म्हणाली, "आराम!"

डॉक्टर मुकाट्यानं लिहू लागला. उपासनानं वाकून अक्षर न् अक्षर वाचलं. मॉर्फिन.

"खालच्या मजल्यावर मिळेल," तो पुटपुटला.

"खाली?" कोंडाबाईनं मान वर केली. "म्हंजी एवढं दिस ह्ये औषध हितंच हुतं?"

"हो, अज्जी."

"मग मला कशाला बोंबलायला लावलंस रं, मुडद्या?"