बाग ताणावर असताना

माझ्या भाऊजींशी वाद घालू नये हे मला माझ्या लग्नाआधीपासून माहीत आहे, तरी मी घालते. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सावनेरच्या पुढे त्यांची संत्र्याची बाग आहे आणि मी राहते नागपुरात, रामदासपेठेत, तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे मी तोंड उघडलं की ते म्हणतात, "उंटावरून शेळ्या हाकू नको वं," आणि ताई चहा ठेवायला उठते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांच्या शिवारात गॅसची कंपनी आली. सावनेरकडच्या लोकांना कोळसा नवा नाही. खाणीची धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसते आणि लोक ते झटकून घालतात. पण हा प्रकार वेगळा होता. खोल बोअर मारायची, तिच्यातून पाणी, वाळू आणि कसलीशी रसायनं प्रचंड जोराने दाबायची, खालच्या कोळशाच्या थराला भेगा पाडायच्या आणि त्यातून सुटणारा गॅस वर घ्यायचा. सध्या फक्त चाचणी आहे, असं कंपनीवाले सांगत होते.

भाऊजी खूश होते, आणि खोटं कशाला बोलू, खूश होण्यासारखं होतंही. ज्या रस्त्यावर माझ्या कमरेची वर्षानुवर्षं वाट लागली तो कंपनीने आल्या आल्या डांबरी केला. भाऊजींनी पिकअप गाडी घेऊन कंपनीत लावली. बी.कॉम. होऊन घरी बसलेली माझी भाची कंपनीच्या ऑफिसात लागली आणि स्वतःच्या स्कूटीवर कामाला जाऊ लागली. तिचा चेहराच बदलला होता.

मी मात्र मिळेल ते वाचून स्वतःचं आणि सगळ्यांचं डोकं पिकवत होते. ही रसायनं भेगांतून विहिरीत उतरली तर? एकदा तर मी भाऊजींबरोबर थेट बोअरच्या जागेवर जाऊन तिथल्या साहेबाला धरलं. पांढरं हेल्मेट घातलेला तो भला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, कोयला बहुत नीचे है, आपका कुआँ ऊपर है. बीच में सब पत्थर है." भाऊजींनी अशी मान डोलावली की जणू तो दगड त्यांनीच रचला होता.

परतताना म्हणाले, "गॅस निघाला तं कोळसा कमी जळन. धुरानं लोकाइले दमा होऊन राहिला म्हणून तूच बोंबलत होती ना? अन् तुह्या ओट्यावरच्या शेगडीत काय हवा जळते का?"

मी आणखीच चिडले.

मग थंडी वाढली आणि बाग ताणावर सोडायची वेळ आली. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, हवा असेल तर झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, नवख्याला वाटतं झाड गेलं. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की तेच झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. या दिवसांत विहीर नुसती बसून असते. आणि नेमकं याच दिवसांत कंपनीला खालचा खडक फोडायला टँकरच्या टँकर पाणी हवं होतं. भावही चांगला देत होते.

"बाग ताणावर आहे," भाऊजी म्हणाले, "पान्याचं काय लोणचं घालू का?"

सगळ्या शिवाराने हाच हिशेब केला. सगळ्यांच्या बागा एकाच वेळी ताणावर, सगळ्यांच्या विहिरी एकाच वेळी मोकळ्या. टँकर रात्रंदिवस भरत होते. आणि आम्ही शहाणे तेव्हाही पाण्यात काय मिसळेल यावरच भांडत होतो. पाणी जाईल किती, हे ना साहेबाने सांगितलं, ना भाऊजींनी विचारलं, ना मी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते ऐकून होते, इथे तर आम्ही भरला घडाच पालथा करत होतो.

ताण तोडायच्या, म्हणजे बागेला पुन्हा पाणी सोडायच्या दिवशी मी तिथेच होते. मोटर सुरू झाली. घराजवळच्या काही ओळी भिजल्या, मग गढूळ पाणी आलं, मग पाइपातून नुसती हवा यायला लागली. शेजारच्यांकडे तेच. भाऊजी विहिरीत वाकून बघत राहिले. ताईने मला हाताला धरून कंपनीच्या कुंपणाशी नेलं. आत काळं प्लास्टिक अंथरलेलं तळं होतं, काठोकाठ भरलेलं. बोअरमध्ये दाबलेलं पाणी परत वर येतं ते त्यात साठवत होते. दारावर चौकीदार होता.

मागून भाऊजी आले.

"हे आपलंच पानी होय ना?" ताईने विचारलं.

"होय."

"मंग सोडायले सांगा ना बागेत."

"खारट झालं ते. झाडं मरतीन."

ताई जाळीला धरून उभी राहिली. मला इतका संताप आला होता की कुणावर काढावा तेच समजेना. साहेब खरंच बोलला होता. आमच्या विहिरीत रसायनाचा थेंब उतरला नव्हता. उतरायला खाली पाणी तर हवं!

ताईने भांड्यांचं, आंघोळीचं पाणी झाडांना घातलं. बाहेरून टँकर मागवून पाहिले. कुठे कुठे फूल आलं ते गळलं, होळीपर्यंत फांद्या वाळल्या. उन्हाळ्यात कंपनी गेली. म्हणे, गॅस पाहिजे तेवढा निघाला नाही. भाची पुन्हा घरी बसली, पिकअप भाजी वाहू लागली. रस्ता तेवढा राहिला.

दर हिवाळ्यात ताईकडून माझ्याकडे संत्र्यांची पेटी येते. ती एकेक फळ स्वतः निवडते, देठाला एखादं पान ठेवते, खाली भाताच्या पेंढ्याची तणस घालते. यंदा पेटी येणार नाही हे मी धरूनच चालले होते. आणि परवा भाऊजी तीन जिने चढून पेटी घेऊन आले. वर्षभराचं भाषण माझ्या जिभेवर तयार होतं. मी झाकण उघडलं. तणस तीच होती. संत्री मात्र सगळी एका मापाची, चकचकीत, बिनपानाची. तळाशी एकावर दुकानाचा गोल स्टिकर चिकटलेला होता.

मी भाऊजींकडे पाहिलं. ते चपलांकडे बघत होते.

"सकाळपासून बसून एकेक चिकटी काढली वं तिनं," ते म्हणाले. "एखादी राहिली असन. तिले म्हणू नको."

मी चहा ठेवायला उठले. चहा घेऊन ते गेले, रस्ता झक्कास आहे, लवकर पोचतो म्हणाले. मी तो स्टिकर नखाने काढला आणि ते संत्रं सोललं. गोड होतं. कुणाच्या विहिरीवरचं होतं, कोण जाणे.