मास्तरांची मापं

मास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी म्हैसुरातल्या हेब्बाळहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. त्यांच्या शेजारणीने मोबाइलवर कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या. दुपारी जेवून दुकानातच आडवे झाले, पत्नी चहाला उठवायला गेल्या तर उठलेच नाहीत. वाचल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर माझे दोन ब्लाउज त्यांच्याकडे शिवायला आहेत हे. खोटं कशाला सांगू? पुढचा विचार यायला बसचे दोन थांबे जावे लागले. मग खिडकीबाहेर बघत बसले. रडू काही आलं नाही, पण जयलक्ष्मीपुरमला माझ्या थांब्यावर उतरायचं मात्र राहून गेलं.

नाव रंगनाथराव, पण अग्रहार पेठेत त्यांना सगळे मास्तरच म्हणत. बायकांचे ब्लाउज शिवायचं त्यांचं छोटं दुकान होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं, देव्हाऱ्यात विठ्ठल, वाचायला कन्नड पेपर आणि घरात बोलायला मराठी. मी सांगलीहून नोकरीसाठी इथे आले त्याला अठरा वर्षं झाली. नवीन असताना एकदा ब्लाउजपीस घेऊन या दुकानात शिरले आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये गळा कसा हवा ते सांगू लागले. एका बाईने मला पडद्याआड नेलं, टेप लावली आणि बाहेर आवाज दिला, "अहो, लिवून घ्या, खांदा चौदा." मी चमकून विचारलं, तुम्ही मराठी? पडद्यापलीकडून मास्तरांनी उत्तर दिलं, "मग काय तर. तुमची मराठी जरा पेपरातली हाय, अष्टे." अष्टे म्हणजे इतकंच. पुढे माझी मराठी तशीच राहिली आणि माझ्या बोलण्यात त्यांचं अष्टे शिरलं.

त्या दुकानाची रीत ठरलेली होती. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला कधी टेप लावत नसत. पडद्याआड त्यांच्या पत्नी, सरोजक्का, माप घेत आणि आकडे मोठ्याने सांगत. मास्तर बाहेर बसून ते लिहीत आणि पुढे त्यावरून कापड कापत. कात्री फक्त त्यांची. अक्कांनी शिवायचं, अस्तर लावायचं, हूक लावायचे. मास्तरांच्या ब्लाउजला अख्ख्या अग्रहारात नाव होतं, कुठे आवळत नाही, कुठे ओघळत नाही म्हणून. मात्र माणूस गोड नव्हता. दिलेला वार कधी पाळला नाही, आणि कौतुक करणं तर त्यांच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. अक्कांनी एखादं अवघड काम उरकून "कसं झालं?" विचारलं, की हे चष्म्यावरून एकदा बघणार आणि म्हणणार, "पुढचं घे." मला ते ऐकून राग यायचा. अक्कांना येत असेल तर त्यांनी तो दाखवला नाही.

दुकानात कंप्युटर नेला तो मी. घरी नवा घेतल्यावर जुना पडून होता, आणि मास्तरांच्या मापाच्या वह्या कमरेइतक्या उंच झाल्या होत्या. चार रविवार बसून मी त्यांना रकान्यांत नावं आणि आकडे कसे भरायचे ते शिकवलं. डाव्या हाताचं बोट वहीच्या ओळीवर आणि उजव्या हाताचं एकच बोट कळांवर, असं करत त्या माणसाने सगळ्या वह्या उतरवून काढल्या. वीस-पंचवीस तरी लक्ष्मी होत्या, म्हणून त्यांनी लक्ष्मी बँक, लक्ष्मी देऊळ, लक्ष्मी उंच अशी नावं टाकली होती. मला बरं वाटलं. मग एक दिवस गेले तर त्याच वह्यांची पानं फाडून मास्तर गळ्याचे आणि बाह्यांचे कागदी नमुने कापत बसलेले. मी कपाळावर हात मारला. निदान मापांची एक प्रत वेगळी ठेवा, म्हणून पेनड्राइव्ह आणून दिला. त्यावर त्यांचं म्हणणं, "दोन जागी लिवलं की दोन्ही जागी चुकतं, बाई." पेनड्राइव्ह बटणांच्या डब्यात पडला. पुढची दहा वर्षं मी दर दिवाळीला प्रत काढायची आठवण करून द्यायची आणि ते दर दिवाळीला मान डोलवायचे.

मास्तर गेले ते भाद्रपदात. तेरावं झालं आणि त्यानंतर दोन आठवड्यांत दसरा आला. घरात वर्षभर सण करायचा नाही, हे अक्कांनाही मान्य होतं. पण नवमीला आमच्याकडे खंडेपूजन, इथे आयुधपूजा... त्या दिवशी म्हैसुरात रिक्षापासून रंध्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. अक्कांचं म्हणणं, सण माणसांचा, हत्यारांना कसलं सुतक? त्यांनी शिलाई मशीन पुसलं, कात्री पुसली, टेप धुतली. मास्तर असताना कंप्युटरला ते स्वतः एक टिकली लावायचे आणि वर एक फूल ठेवायचे. अक्कांना वाटलं, यंदा ते नाहीत, तर जरा जास्त नीट करावं. म्हणून त्यांनी खोका ओल्या फडक्याने पुसला, हळदीकुंकवाचे पट्टे ओढले आणि आंब्याच्या पानाने तांब्यातलं पाणी शिंपडलं. खोक्याच्या वरच्या बाजूला हवा जायला जाळी होती. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी बटण दाबलं. फट्‌ असा आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि पुढे काहीच नाही. जवळच्या दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं, हे आता टाकून द्या.

"माझ्या हातानं झालं गं हे," अक्का मला फोनवर म्हणाल्या. मी म्हटलं, मापं काय, परत घेता येतील. तर त्या म्हणाल्या, "दिल्या घरी गेलेल्या पोरींची कशी घेऊ?" ते खरंच होतं. मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं लग्न होऊन बेंगळुरूला, हुबळीला, आणखी कुठे कुठे गेलेली. त्यांच्या आया कापड आणून टाकत आणि ब्लाउज पार्सलने जात. अशीच एक मुलगी महिन्याभराने बोहल्यावर चढणार होती. ती पुण्यात नोकरीला, लग्नाच्या आदल्या दिवशी येणार, आणि तिच्या चार ब्लाउजांचं कापड न कापता पडलेलं. मास्तरांनी तिचं माप चैत्रातच लिहून ठेवलं होतं. त्यात अक्कांचे धाकटे दीर मागे लागलेले, की दुकान बंद करून गाळा भाड्याने देऊ, कापणारा हातच नाही तर दुकान कशाला? अक्कांनी त्यांना सांगितलं होतं, मापं निघाली तर मीच कापीन, दुकान चालवीन, नाही निघाली तर किल्ली तुम्हाला देईन. मला हे ऐकून धास्ती वाटली. वह्या होत्या तोवर त्यांच्यावर तांब्यातलं पाणी पडलं असतं तरी उन्हात वाळल्या असत्या. कंप्युटर आणला होता मी.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. खोका उघडला तर वीज पुरवणाऱ्या डब्यावर कुंकवाचे ओघळ वाळलेले होते. डबा जळाला होता. फायली मात्र ज्या हार्ड डिस्कवर असतात ती खाली, एका कोपऱ्यात कोरडी होती. कंप्युटर सुरू होत नाही म्हणजे आतलं सगळं गेलं असं नसतं; कपाटाचं कुलूप बिघडलं म्हणून साड्या फाटत नाहीत. मी चार स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली आणि वायरने लॅपटॉपला जोडली. पडद्यावर चौकट आली. अक्कांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, डिस्क वाचता येत नाही, सगळं पुसून कोरी करू का विचारतंय. अक्का शांतपणे म्हणाल्या, "बेडा म्हणून सांग." मी नको म्हणून सांगितलं.

मग दुसरा मार्ग धरला. लॅपटॉप माझ्याजवळच्या पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या प्रणालीने सुरू केला, डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही याची काळजी घेतली, आणि आहे त्याची आहे तशी नक्कल काढायला लावली. यात हुशारी कमी आणि बसून राहणं जास्त. डिस्क मधूनच टक्‌ टक्‌ करायची, थांबायची... पुन्हा चालू लागायची. अक्का समोर बसून माझ्या दोन ब्लाउजांना हूक लावत होत्या. मास्तरांनी ते आधीच कापले होते, अक्कांनी शिवले होते. दुपार झाली, त्यांनी चित्रान्न वाढलं, आम्ही खाल्लं. तीनच्या सुमारास फायली दिसू लागल्या. कुठल्याशा सहलीचे फोटो अर्धे राखाडी निघाले, काही उघडलेच नाहीत. मापांची फाइल शोधायला वेळ लागला, कारण तिला मास्तरांनी नावच दिलेलं नव्हतं. ती उघडली आणि लक्ष्मी बँक, लक्ष्मी देऊळ, लक्ष्मी उंच एकाखाली एक आल्या, तेव्हा मात्र मला रडू आलं. अक्कांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला.

मी शिकवलं होतं त्यापेक्षा फाइल निराळी होती. प्रत्येक मापाला मी एक रकाना ठेवला होता, मास्तरांनी दोन केले होते. मी मोठ्याने वाचलं, लक्ष्मी बँक, दंडघेर साडेनऊ, शेजारी दहा. छाती चौतीस, शेजारी साडेचौतीस. अक्का म्हणाल्या, पहिला आकडा मी सांगितलेला. लक्ष्मी बँक दर सणाला येणारी, तिचे आकडे तेवढे त्यांना पाठ होते. मग दुसरा कुणाचा? आम्ही खाली खाली जात राहिलो. जुन्या नोंदींत सगळीकडे दुसरा आकडा पाव, अर्धा इंच मोठा. अक्कांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी टेप ओढून धरायची गं. बाईमाणसाचा मोठा आकडा बाहेर ऐकू जाईल असा कसा वरडू? जरा कमी सांगायची. ह्यांना ते कळत होतं की." म्हणजे अख्ख्या अग्रहारात मास्तरांच्या हाताला जे नाव होतं, त्यात अक्कांच्या भिडेची भरपाईही होती. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला एका शब्दाने टोकलं नव्हतं. गुपचूप अर्धा इंच घालून कापड कापलं होतं.

"एकदा सांगायला काय जात होतं?" अक्का म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि तो मला पहिल्यांदाच ऐकू आला. "आता ह्या पोरीला किती घालायचं ते कोण सांगणार मला?"

मी पुढे वाचत गेले. नोंदींचं वर्ष बाजूला लिहिलेलं होतं. जसजशी वर्षं पुढे सरकली तसतसा फरक कमी होत गेला. अर्ध्याचा पाव झाला. मग एखाद्याच मापात पाव, बाकीचे दोन्ही आकडे सारखे. अक्कांनी टेप न ओढता आत एक बोट सैल सोडायला कधी सुरुवात केली, ते त्यांनाही सांगता येईना. पण मास्तरांना ते दिसलं होतं. मग दोन्ही रकाने जुळायला लागले, एकामागून एक, पानंच्या पानं. आणि गेली दोन वर्षं त्यांनी दुसरा रकाना भरायचंच सोडून दिलं होतं.

पुण्याच्या मुलीचं नाव अगदी खाली सापडलं. मी छाती, कंबर, मुंढा, दंडघेर वाचत गेले आणि अक्कांनी खडूने पाठीमागच्या पाटीवर लिहून घेतलं.

"दुसऱ्यात काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, अक्का. रिकामा आहे."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे माझंच माप," त्या म्हणाल्या. त्यांनी लाल रेशमी कापड टेबलावर अंथरलं, तळहाताने दोनदा सारखं केलं आणि मास्तरांची कात्री उचलली.